फ्रेम बनवणाऱ्याला कौतुक नको, गिऱ्हाईक द्या

२०२४ च्या मे महिन्यात इंग्लंडमधल्या डर्बी शहरातलं मर्शियन सायकल्स बंद होतंय अशी बातमी आली आणि जगभरचे सायकलवेडे हळहळले. साहजिक आहे. १९४६ साली टॉम क्रॉदर आणि लू बार्कर या दोघांनी सुरू केलेलं हे छोटं दुकान, उघड्या भट्टीवर नळ्या तापवून पितळाने जोडायची जुनी पद्धत त्यांनी शेवटपर्यंत सोडली नव्हती, गिऱ्हाइकाच्या मापाची फ्रेम, हाताने काढलेल्या रंगाच्या रेघा. लोकांनी आपापल्या जुन्या मर्शियनचे फोटो टाकले, एक युग संपलं म्हणाले. पुढे काही महिन्यांत तिथल्याच काही जणांनी मिळून धंदा विकत घेतला आणि काम परत सुरू झालं, ही चांगली गोष्ट. पण फोटो टाकणाऱ्यांपैकी मागच्या दहा वर्षांत तिथून नवी फ्रेम करून घेतलेले किती असतील? फार थोडे असणार, आणि त्यात त्यांचा दोष नाही, कारण चांगली स्टीलची फ्रेम नीट वापरली तर तीस-चाळीस वर्षं आरामात चालते. म्हणजे हा असा धंदा आहे की काम जितकं चोख तितकं गिऱ्हाईक परत यायची शक्यता कमी.

छोट्या फ्रेम बिल्डरच्या इतिहासावर जे लिहिलं जातं ते बहुतेक सगळं त्याच्या हातांवर लिहिलेलं असतं, कानस कशी मारतो, तापलेल्या नळीचा रंग बघून तापमान कसं ओळखतो वगैरे. ते खरंच आहे आणि मलाही वाचायला आवडतं. पण त्याची ऑर्डरबुक कोण भरत होतं हे कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते तो धंदा जगला की मेला याचं उत्तर तिथेच आहे. ज्या देशात दर महिन्याला नवी फ्रेम मागणारं गिऱ्हाईक कुठल्यातरी सार्वजनिक नियमाने तयार केलं तिथे हे कारागीर टिकले, आणि जिथे त्यांना बाजार आणि कौतुक यांच्यावर सोडलं तिथे एकेक करत संपले. यातलं मला माहीत असलेलं सगळ्यात ठळक उदाहरण जपानचं आहे, आणि त्यातही ओसाकाजवळच्या काशिवारा गावातल्या नागासावा योशिआकी या माणसाचं.

नागासावा १९७० च्या सुमारास तरुणपणी इटलीला गेला. आधी मिलानमध्ये सान्ते पोलियागीच्या हाताखाली शिकला, हा ट्रॅकच्या म्हणजे व्हेलोड्रोमवरच्या सायकलींसाठी मोठं नाव असलेला कारागीर, आणि नंतर उगो दे रोझाकडे, जो त्या काळात एडी मर्क्स या बेल्जियमच्या नामांकित शर्यतपटूसाठी फ्रेम बनवत होता. म्हणजे जगातल्या त्या वेळच्या सगळ्यात कडक गिऱ्हाइकाचं काम जिथे चालायचं त्या वर्कशॉपमध्ये हा जपानी पोरगा उमेदवारी करत होता. १९७६ ला तो परत आला आणि स्वतःचं दुकान थाटलं. पुढच्याच वर्षी, १९७७ ला, नाकानो कोइची नावाचा जपानी रायडर प्रोफेशनल स्प्रिंटचा, म्हणजे ट्रॅकवरच्या छोट्या वेगवान शर्यतीचा, जागतिक विजेता झाला, आणि मग १९८६ पर्यंत दर वर्षी होत राहिला. सलग १० वेळा, आणि बुडाखाली नागासावाची फ्रेम. युरोपच्या मालकीचा समजला जाणारा खेळ, आणि त्यात एका गावातल्या छोट्या वर्कशॉपमध्ये झाळलेल्या नळ्यांनी दहा वर्षं कोणाला उभं राहू दिलं नाही.

आता ही गोष्ट इथे थांबवली तर ती एका गुणी माणसाची गोष्ट होते, आणि तशीच ती नेहमी सांगितली जाते. पण नागासावाने परत आल्यावर दुकान काढायची हिंमत कशाच्या जोरावर केली? इटलीत शिकून आपापल्या देशात परतलेले किंवा लंडनच्या वर्कशॉपांत शिकून अमेरिकेला गेलेले गुणी लोक बरेच होते. त्यातल्या मोजक्यांचं नाव झालं, बाकीच्यांना पोटासाठी दुसरं काहीतरी करावं लागलं. जपानमध्ये मात्र परतणाऱ्याची वाट बघत एक बाजार उभा होता, आणि तो एका कायद्यातून आला होता.

युद्ध हरलेल्या जपानमध्ये शहरं जळून गेलेली, नगरपालिकांकडे पैसा नाही. १९४८ साली तिथे सायकल शर्यतींचा कायदा झाला आणि स्थानिक सरकारांना सायकल शर्यती भरवून त्यावर अधिकृत बेटिंग घ्यायची परवानगी मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये कोकुरा शहरात पहिली शर्यत झाली, तीच ही केइरिन, जी २००० पासून ऑलिम्पिकमध्येही आहे. बेटिंगमधला ठरलेला वाटा शहरं उभी करायला जायचा आणि यंत्रउद्योगाच्या, त्यात सायकल उद्योगही आला, सुधारणेलाही जायचा. आता बेटिंग आलं म्हणजे फसवाफसवीची भीती आली. रायडरने सायकलमध्ये काही गडबड केली, कोणाला चोरून हलकी सायकल मिळाली, असा संशय जरी आला तरी लोक पैसे लावायचे थांबणार. म्हणून नियम असा की सायकल सगळ्यांची सारख्या जातीची पाहिजे. निहोन जितेन्शा शिंकोकाई ही संस्था १९५७ ला आली आणि तिच्या नावाची एनजेएस ही तीन अक्षरं प्रत्येक मंजूर भागावर ठोकलेली दिसायला लागली, हब, क्रँक, पेडल, सीटपोस्ट, सगळ्यावर. पुरुषांच्या नेहमीच्या शर्यतीत फ्रेम स्टीलचीच, मंजूर नळ्यांची, आणि जो बिल्डर अधिकृतपणे नोंदलेला आहे त्यानेच बनवलेली. शर्यतीआधी प्रत्येक सायकल तपासणीला जाते, ती पास झाली तरच रायडर उतरतो.

हा नियम कारागिरांवर प्रेम म्हणून केलेला नव्हता. बेटिंग लावणाऱ्याचा विश्वास टिकावा एवढाच त्याचा हेतू. पण परिणाम काय झाला बघा. देशात दोन हजारांहून जास्त प्रोफेशनल रायडर, प्रत्येकाला स्वतःच्या मापाची फ्रेम स्वतःच्या पैशाने घ्यायची, ट्रॅकवर खांद्याला खांदा घासत जायचं त्यामुळे पडापडी रोजची, फ्रेम वाकली की नवी लागणार, मांडीची ताकद वाढली, बसायची ढब बदलली की मापं बदलणार. मघाशी म्हटलं की चांगल्या फ्रेमचं गिऱ्हाईक परत येत नाही, ती अडचण इथे मुळातच नाही, इथलं गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा येतं आणि ते पोटासाठी सायकल चालवणारं असल्यामुळे अर्ध्या मिलिमीटरवरून भांडणारं असतं. टोकियोचं कालाविंका, नागासावा, साम्सन, माकिनो, असली छोटी दुकानं पॅनासॉनिक आणि ब्रिजस्टोनसारख्या अवाढव्य कंपन्यांच्या बरोबरीने त्याच यादीत, त्याच नियमाखाली. कंपनी मोठी म्हणून तिला सूट नाही आणि दुकान छोटं म्हणून त्याला दया नाही. रायडरला ज्याचं काम पटेल त्याच्याकडे तो जातो.

माझा सगळा मुद्दा या एका गोष्टीवर उभा आहे म्हणून जरा रेंगाळतो. जपानच्या नियमाने कुठल्या एका दुकानाला वाचवलं नाही. नाव काढलेली काही वर्कशॉप्स त्या पद्धतीतही बंद झाली, ज्यांचे रायडर दुसरीकडे गेले किंवा मालक म्हातारे झाले. नियमाने धंदा वाचवला, म्हणजे ज्योत हातात धरणाऱ्या माणसाला काम मिळत राहील अशी जागा ठेवली आणि त्या जागेत चुरस ठेवली. आणि एक बिल्डर जगला की त्याच्या मागची साखळी जगते. इशिवाता ही नळ्या ओढणारी जपानी कंपनी १९९३ ला बुडाली तेव्हा तिथल्याच कामगारांनी काइसेई नावाने काम पुढे चालू केलं, आणि आजही केइरिनच्या फ्रेम त्या नळ्यांच्या बनतात. नळीच्या टोकाला जाडी ०.९ मिलिमीटर आणि मध्ये ०.६ अशी नळी रोज कोणीतरी विकत घेत असेल तरच ती ओढणारं यंत्र कोणीतरी चालू ठेवणार ना. चार हौशी लोकांच्या वर्षाला चार ऑर्डरींवर ते यंत्र चालत नाही.

याविरुद्ध जे बोललं जातं त्यातलं काही बरोबर आहे आणि ते टाळून पुढे जाणं मला पटत नाही. पहिलं म्हणजे हा पैसा जुगाराचा आहे. आहेच, आणि मला आपल्याकडे तसलं काही नकोय, लोकांच्या घरातला पैसा असा ओढून सायकली बनवण्यात काही अर्थ नाही. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, की नियमाने तंत्र गोठवलं. जग हलक्या कार्बन फायबरच्या फ्रेमवर गेलं, ऑलिम्पिकमध्ये सगळे कार्बनवर, आणि जपानचे रायडर घरी स्टीलवर. ज्या देशाने केइरिन जन्माला घातलं त्याला पुरुषांच्या केइरिनमध्ये ऑलिम्पिक पदक आजवर एकच, २००८ चं बीजिंगचं कांस्य. २०१२ ला मुलींची केइरिन परत सुरू केली तेव्हा तिथे त्यांनी स्वतःच कार्बनच्या फ्रेमला मुभा दिली, म्हणजे त्यांनाही हे कळतंय. मी मान्य करतो की पदकं हा हेतू असेल तर हा नियम चुकीचा. पण माझा प्रश्न पदकांचा नाहीच, माझा प्रश्न असा आहे की धातूच्या नळ्यांपासून माणसाच्या मापाची टिकाऊ वस्तू बनवायची कला समाजाकडे राहावी का, आणि राहावी असं वाटत असेल तर तिचा खर्च कोणत्या मार्गाने उचलायचा.

इथे आपल्याकडचा इतिहास बघायलाच हवा, कारण सरकारने सायकल धंद्यात हात घालायचं काम आपणही केलंय, आणि चांगलं दणक्यात केलंय. मुंबईत वरळीला हिंद सायकल्सचा कारखाना होता, जुन्या लोकांच्या घरात अजून एखादी हिंद सापडेल. तो आजारी पडला, सरकारने व्यवस्थापन हातात घेतलं आणि मग १९८० मध्ये संसदेने खास कायदा करून हिंद सायकल्स आणि आसनसोलची सेन-रॅले अशा दोन्ही कंपन्या सरकारी करून टाकल्या. वरळीच्या कारखान्याची झाली नॅशनल बायसिकल कॉर्पोरेशन ऑफ इंडिया. पुढे काय झालं ते सगळ्यांना माहितीये, दोन्ही बंद. सरकारने कारखाना वाचवायला घेतला, धंदा नाही. कारखान्यात बनलेली सायकल कोणाला का घ्यावीशी वाटेल याचं उत्तर कोणाकडेच नव्हतं, आणि तोवर पंजाबातल्या लुधियानाचे सायकल कारखाने बाजार खाऊन बसलेले होते.

दुसरा हात आपण घातला तो लघुउद्योगांच्या राखीव यादीचा. सायकलचे बरेच सुटे भाग वर्षानुवर्षं छोट्या युनिटसाठी राखीव होते, आणि ती यादी शेवटी २०१५ ला पूर्ण संपली. लुधियानात त्याच्या जोरावर हजारो हातांना काम मिळालं हे खरं आहे आणि ते मी कमी लेखत नाही. पण त्यातून एकसुद्धा नाव घेण्यासारखा फ्रेम बिल्डर का निघाला नाही? कारण राखीव ठेवताना आपण युनिटचा आकार बघितला, यंत्रात किती पैसा गुंतलाय ते बघितलं. कामाचा दर्जा तपासून त्यावर बनवणाऱ्याचं नाव ठोकायची सोय केली नाही. छोटं राहिलात तर संरक्षण, चांगलं काम केलंत तर त्याचं काही नाही. वापरणारा कोण आहे, त्याची उंची किती, तो सायकलवर काय वाहतो, याच्याशी बनवणाऱ्याचा कधी संबंधच आला नाही, मधे ठोक खरेदीदार आणि एकच २२ इंची साचा.

आणि आज? आज सार्वजनिक पैसा सायकलवर अजूनही खर्च होतो, पण त्यात कारागीर कुठेच नाही. पुण्यात २०१७ च्या अखेरीपासून भाड्याच्या सायकलींची योजना आली, रंगीबेरंगी सायकली फूटपाथवर दिसायला लागल्या, त्यात परदेशी कंपन्याही होत्या, आणि बघता बघता त्या सायकली मोडून कोपऱ्याकोपऱ्यात पडल्या. त्यांची दुरुस्ती करायला गल्लीतल्या सायकलवाल्याकडे ना पार्ट होते ना परवानगी. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जायला सायकलसाठी पैसे मिळतात, अतिशय चांगली योजना, यामुळे किती मुलींची शाळा सुटायची वाचली असेल. पण त्या पैशातून जी सायकल गावातल्या दुकानात मिळते ती बहुतेक वेळा मुलीला मोठी तरी असते नाहीतर दोन पावसाळ्यांत वेल्डिंगपाशी गंजून सुटते, आणि कोणी बनवली ते विचारायला जागा नाही. दिव्यांगांच्या हाताने चालवायच्या तीनचाकीचं तर विचारूच नका. ज्या माणसाचा एक हात दुसऱ्यापेक्षा कमजोर आहे, ज्याचा पाठीचा कणा वाकडा आहे, त्यालाही तीच गाडी जी सगळ्यांना. मापाची फ्रेम ही शर्यतवाल्या श्रीमंतांची चैन आहे असं आपण समजतो, पण मापाची खरी गरज कोणाला आहे? निरोगी माणूस थोड्या लहानमोठ्या सायकलवर जमवून घेतो, दिव्यांग माणसाला जमवून घेता येत नाही, त्याचा खांदा कायमचा जातो.

हेच काम करणाऱ्या माणसांचं. गोव्यातला पोदेर पहाटे मागच्या टोपलीत पाव भरून हॉर्न वाजवत फिरतो, मुंबईचा डबेवाला हँडलला डबे अडकवून चालवतो, आमच्याकडे भाजीवाले, गॅस सिलेंडरवाले, भंगारवाले. सगळे साध्या सायकलवर लोखंडी कॅरियर गावच्या वेल्डरकडून ठोकून घेतात. म्हणजे खरं तर आपल्याकडे छोटा फ्रेम बिल्डर आहेच, फक्त तो स्वतःला तसं म्हणत नाही. तो कुठल्यातरी पत्र्याच्या शेडमध्ये खिडकीच्या जाळ्या आणि गेट बनवतो आणि मधूनच कोणाच्या सायकलचा तुटलेला दांडा झाळून देतो. त्याला कोणी शिकवलं नाही की पातळ नळी पितळाने जोडताना साधारण ९०० अंशांपर्यंत जावं लागतं, चांदीच्या मिश्रणाने ६५०-७०० मध्ये भागतं, आणि जास्त तापवली तर नळी जोडाच्या शेजारीच तुटते. हे शिकायला फार दिवस लागत नाहीत, चुका करायला नळ्या आणि समोर बसून बघणारा उस्ताद लागतो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात, भोसरीत, नाशिकच्या सातपूरला ही बोटं आहेत. आयटीआयमधून दर वर्षी वेल्डर बाहेर पडतात आणि कंत्राटावर लागतात. पुण्यात बांबूच्या फ्रेम हाताने बनवण्याचं काम झालंय, ते कौतुकाने बघितलंही गेलं, पण मुद्दा पुन्हा तोच, कौतुकाने बघणारे हजार आणि दर महिन्याला घेणारे किती.

म्हणून माझं म्हणणं आहे की जपानकडून जुगार घेऊ नका, स्टीलचा हट्टही घेऊ नका, नोंदणीची पद्धत घ्या. सरकारी पैशातून, मग तो राज्याचा असो, महापालिकेचा असो, जिल्हा परिषदेचा असो, ज्या सायकली आणि तीनचाकी घेतल्या जातात त्यातला एक हिस्सा मापाच्या गाड्यांसाठी वेगळा काढा आणि तो फक्त नोंदलेल्या बिल्डरकडूनच घ्यायचा असं टेंडरमध्ये लिहा. नोंदणी आकारावर नको, कामावर हवी. बिल्डरने दोन-तीन फ्रेम द्यायच्या, त्या यंत्रावर दमवून तोडून बघायच्या, पास झाला तर नाव यादीत आणि त्याचा शिक्का फ्रेमवर. सायकलसाठी संशोधन आणि तपासणीचं केंद्र लुधियानात आहे, पुण्यात वाहनांच्या चाचण्यांची एवढी मोठी संस्था आहे, त्यामुळे तपासायला जागाच नाही असं कोणी म्हणू शकत नाही. आणि पैसे घेणाऱ्याच्या हातात कूपनसारखे द्या, म्हणजे तो यादीतल्या कुठल्याही बिल्डरकडे जाईल, काम वाईट असेल तर पुढच्या वेळी दुसऱ्याकडे जाईल. हा शेवटचा भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे, कारण तो नसेल तर यादी म्हणजे पुन्हा वशिल्याचं दुकान होईल, आणि ती भीती खरी आहे, आपल्याकडे अशा किती याद्या तशा झाल्यात ते आपण बघितलंय. जपानमध्ये यादी सडली नाही कारण गिऱ्हाईक स्वतः त्या फ्रेमवर जीव मुठीत धरून पळत होतं आणि पैसे त्याच्या खिशातले होते.

महाग पडेल, असं म्हणणारे म्हणतीलच. एक फ्रेम हाताने बनवायची तर कारखान्याच्या फ्रेमपेक्षा महाग पडणार हे उघड आहे, आणि म्हणून मी सगळ्या मुलींच्या सगळ्या सायकली अशा बनवा असं म्हणत नाही, ते शक्यही नाही. पण दोन पावसाळ्यांत भंगारात जाणाऱ्या गाडीचा हिशोब आणि पंधरा वर्षं चालणाऱ्या, तालुक्याच्या गावी दुरुस्त होणाऱ्या गाडीचा हिशोब एका कागदावर मांडायला काय हरकत आहे? आज तो मांडलाच जात नाही कारण टेंडरमध्ये पहिल्या दिवसाची किंमत तेवढी बघतात.

सुरुवात दिव्यांगांच्या तीनचाकींपासून करावी असं मला वाटतं. संख्या हाताळता येण्याजोगी, मापाची गरज कोणी नाकारू शकत नाही, आणि वापरणारा माणूस बिल्डरकडे पुन्हा पुन्हा जाणार, हँडलचा कोन बदलायला, सीट उंच करायला, मुलगा वाढला म्हणून पायटा पुढे घ्यायला. एखाद्या महापालिकेने तिच्या दिव्यांग निधीतून, जो खर्च न होता पडून राहतो अशी ओरड दर वर्षी असते, एका शहरात हे करून बघावं. पाच-सहा वेल्डर निवडा, त्यांना नीट शिकवा, नळ्या आणि जिग, म्हणजे नळ्या मापात पकडून ठेवणारा साचा, द्या, आणि पहिली तीन वर्षं ऑर्डर थांबवू नका. तीन वर्षं मी मुद्दाम म्हणतोय, कारण पहिल्या वर्षीच्या फ्रेम चांगल्या नसणार, नागासावाही आधी इटलीत दुसऱ्यांच्या दुकानात कित्येक वर्षं नळ्या घासत होता, आणि तेवढा काळ त्याला पोसणारं काम तिथे चालू होतं.